भिंगरीचा उपाशीपोटी प्रयोग

९ मे

प्रिय नणंदबाई,

काय म्हणतंय मौन? रात्री अडीच तास रंगमंचावर बोंबलायचं आणि दिवसभर घशाला आराम म्हणून तोंडाला कुलूप, फोनसुद्धा घ्यायचा नाही, हा तुझा नेम मला मनापासून आवडलाय. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझं वाक्य मध्येच न तोडता तू पहिल्यांदाच पुरतं ऐकून घेते आहेस. पत्रात का होईना.

बातमी अशी, की तुझी भाची नटी झाली. चार वर्षांचीही पुरती नाही कार्टी! मागच्या दौऱ्यात तू तिला विंगेत बसवून तुझा दारुडा पहारेकरी दाखवलास ना, तेव्हापासून घरात रोज पहारेकरी फिरतोय. संध्याकाळी दादाच्या नाटकाच्या दाढ्या-मिशा बनवायच्या टेबलावरची तयार मिशी पळवते, नाकाखाली धरते आणि धाडकन पडते. पडली की लगेच मान वळवून आमच्याकडे बघते, टाळ्या वाजल्या की नाही म्हणून. मिशी कुरळी करता करता तुझा दादा हातातलं काम टाकून शिट्टी मारतो. परवा एका राजाची दाढी त्यापायी तापलेल्या चिमट्यात जळली.

पण खरा प्रयोग सकाळचा. उशिरा उठते, भिंत धरधरून बाहेर येते, एकेक पाऊल जपून टाकते, स्वतःशीच खुदखुदत असते. मला ‘काकू’ म्हणते! फ्रॉकच्या गळ्यातून हात घालते आणि बाही शोधत बसते. त्या वेळी आमच्याकडे बघतसुद्धा नाही, इतकी भूमिकेत शिरलेली असते. दूध-ब्रेड पोटात गेलं की पडदा पडला, पुन्हा आमची नेहमीची भिंगरी. मागच्या आठवड्यात सर्दीने रात्री काही खाल्लं नव्हतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कहर केला बाई. मी हसून हसून खाली बसले.

हे तुमच्या घराण्याचं रक्त हो. माझ्या माहेरी माणसं शिंकतानासुद्धा तोंड वाकडं करत नाहीत. चष्म्याच्या दुकानात दिवसभर ‘खालची ओळ वाचा’ म्हणून घरी यावं, तर घरी ही वरात!

तुझी,
वहिनी

---

१७ मे

वहिनी, अगं ए वहिनी!

तुझं पत्र वाचून माझं मौन मोडलं. अशी किंचाळले, की लॉजच्या खालच्या मजल्यावरून मॅनेजर धावत आला. त्याला वाटलं, खोलीत उंदीर निघाला. मी त्याला खुणेनेच सांगितलं, वारस निघाला.

तुला कळतंय का काय झालंय ते? संध्याकाळचं पडणं ती माझं बघून करते, ते कुणीही करेल. पण सकाळचं तिचं स्वतःचं आहे! भिंत धरणं, पाऊल जपून टाकणं, बाही न सापडणं, हे मी तिला दाखवलेलंच नाही. प्रेक्षकांकडे न बघता चालायला मला दहा वर्षं लागली, आणि अजूनही बघतेच मी चोरून. ही पोर उपजत घेऊन आली. दृष्ट काढ तिची.

आणि सकाळचाच प्रयोग का रंगतो, सांगू? पोट रिकामं असतं म्हणून! आमच्या घरात कुणी पोटभर खाऊन रंगमंचावर पाऊल टाकल्याचं आठवत नाही. बाबा म्हणायचे, भरल्या पोटी नट सुस्तावतो. दादाला विचार, लहानपणी आमच्या नाटुकल्यांच्या दिवशी आम्हाला नुसतं पाणी पाजून उभं करायचे. दूध-ब्रेड खाल्लं की पडदा पडतो म्हणतेस ना? मग बये, दूध उशिरा दे! एखाद्या रविवारी वरच्या मजल्यावरच्यांना बोलाव, खुर्च्या मांड, दहाचा प्रयोग लाव. दादाला म्हणावं, चादरीचा पडदा कर. मी तिथे नाही म्हणून माझा जीव तडफडतोय. सगळं बारीकसारीक लिही.

वारस मिळाल्याने धन्य झालेली,
नणंद

---

२ जून

प्रिय नणंदबाई,

दादाने लॉजच्या मॅनेजरमार्फत तुला फोनवर घेतलं तेव्हा त्याला धड बोलता आलं नाही, आणि तू नुसती रडत होतीस म्हणे. आधी हे वाच: भिंगरी ठणठणीत आहे. आत्ता टेबलाखाली बसून माझ्या चपलांना मिशा लावते आहे. आता सगळं सांगते.

तू म्हणालीस तसा रविवारचा प्रयोग लावला. शनिवारी संध्याकाळी ती किरकिर करत न जेवताच झोपली. मला वाटलं, बरंच झालं, उद्या रंगेल. हे मला वाटलं, नणंदबाई, अगदी याच शब्दांत.

सकाळी वरची मंडळी आली. चादर वर गेली. भिंगरी आली ती भिंतीला घासतच. लोक हसले. मग ती मध्येच खाली बसली. कपाळाला घाम, चेहरा पांढराफटक. वरच्या आजोबांनी ‘वा! काय काम करते पोर!’ म्हटलं. ती एका कुशीवर कलंडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. आणि मग तिचे डोळे दिसले मला. जगाचे डोळे तपासते मी, आणि माझ्याच पोरीचे बघायला मला एवढा वेळ लागला. डोळे उघडे होते, पण त्यात कुणी नव्हतं.

तुझा दादा तिला उचलून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धावत सुटला. पायात चप्पल नाही. सूत्रधार म्हणून लावलेली मिशी अर्धी सुटून हनुवटीवर लोंबत होती. मी मागून धावतेय, माझ्यामागे वरचे आजोबा, त्यांच्यामागे आजी खुर्चीसकट. घाबरून खुर्ची खाली ठेवायचंच विसरल्या. रस्त्यावरच्यांना वाटलं असेल, सर्कस उठली.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचून एका थेंबात बघितलं. रक्तातली साखर चौतीस. लहान मुलाची सत्तरच्या वर तरी हवी. हातात सुई लावून साखरेचं पाणी सोडलं, आणि थोड्याच वेळात आमची बया डोळे उघडून म्हणाली, ‘‘बाबा, तुझी मिशी पडतेय.’’

दादा हसत होता का रडत होता मला कळलं नाही. मी दोन्ही करत होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं होतं? मी सगळं सांगितलं. सकाळचे प्रयोग, रिकाम्या पोटाचा नेम, टाळ्या. सांगताना वाटत होतं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘अहो, तिचं ते नाटक नव्हतं. मेंदूला साखर पुरत नव्हती. दारू चढलेल्या माणसासारखंच दिसतं ते. दुसऱ्या घरच्यांनी पोरीला केव्हाच दवाखान्यात आणलं असतं, तुमच्या घरी टाळ्या पडल्या.’’

आता प्रश्न हा, की साखर का पडते? त्यांनी समजावलं ते असं. जेवलं की साखर रक्तात येते, उरलेली यकृतात साठते. ती साठवायचं काम इन्सुलिनचं. पोट रिकामं झालं की ग्लुकॅगॉन, कॉर्टिसॉल आणि वाढीचं हार्मोन असं एकेक जण पुढे होऊन साठा उघडतो, नवी साखर बनवायला लावतो. आपल्या पोरीत इन्सुलिन जास्त होतंय, की बाकीच्यांपैकी कुणी कामावरच येत नाही, की साठाच तोकडा आहे, ते कळायला हवं. इन्सुलिन जास्त निघालं तर औषधं, वेळ आली तर ऑपरेशनसुद्धा. कॉर्टिसॉल किंवा वाढीचं हार्मोन कमी असेल तर ते बाहेरून देत राहायचं, कदाचित जन्मभर. ती जरा लहानखुरी आहे म्हणून त्यांना त्याचीच शंका आहे. साठा तोकडा असेल तर मात्र वयाबरोबर सुटतं. या तिन्हींत कुठलं, यावर सगळं आहे.

तोवर बोट टोचायची डबी घरी आलीये. सकाळी ती डुलायला लागली की मी विचारते, ‘‘खरं की नाटक?’’ आणि टोचते. साखर दिली की मांडीवर घेऊन म्हणते, ‘‘घाबरू नको, मी आहे ना.’’ थोड्या वेळाने विचारायचं, ‘‘सांग, मी कोण?’’ ‘आई’ म्हणाली की गाडी रुळावर आली.

तू स्वतःला खात बसू नकोस. तू लांबून सांगितलंस, मी समोर बसून टाळ्या वाजवल्या.

तुझी,
वहिनी

---

६ जून

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. खुर्ची घेऊन धावणाऱ्या आजींपाशी आले की हसते, आणि पुढच्या ओळीला पुन्हा भोकाड. खोलीतली माझी जोडीदारीण म्हणते, एक काय ते ठरव.

तू म्हणतेस खात बसू नको, पण मला बोलूदे. ‘दूध उशिरा दे’ हे मी लिहिलं. पोरीला उपाशी ठेवायला मी सांगितलं, तेही ऐटीत! कुणी माझ्यासमोर असं बोललं असतं तर त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. इथे माझा गाल आणि माझाच हात, किती मारून घेणार? दादाचा फोन आला त्या रात्री प्रयोग होता. पहिल्यांदा पडले, लोक हसले, आणि मला उठताच येईना. प्रॉम्प्टरला वाटलं वाक्य विसरले, तो बिचारा चारचारदा तेच कुजबुजत राहिला.

बरं, आता रडणं बंद. तुला एक गोष्ट सांगते, कामाची आहे. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, संध्याकाळी पडली की आमच्याकडे बघते, सकाळी बघत नाही. मी नटी असून हे वाचून नाचले! अगं, नट प्रेक्षकांकडे न बघता राहूच शकत नाही. आणि दुसरं, आमच्या धंद्यातलं गुपित: नाटकातला दारुडा पडायची धडपड करतो. खरा दारुडा उभं राहायची धडपड करतो. भिंत धरतो, पाऊल जपून टाकतो, मी शुद्धीवर आहे हे दाखवायला बघतो. भिंगरी तेच करत होती ना? ती बिचारी सरळ चालायची शिकस्त करत होती, आणि आपण सगळे हसत होतो.

टोचायची डबी कशीही चांगलीच, तिच्यावरच भरवसा ठेव. पण हेही लक्षात असूदे.

डॉक्टरीणबाईंची गोष्ट मी माझ्या भाषेत बसवलीये. इन्सुलिन म्हणजे आमच्या नाटक कंपनीचा मॅनेजर. सामान आलं की पेटीत भरून कुलूप. ग्लुकॅगॉन हा पेटी उघडणारा, कॉर्टिसॉल म्हणजे बदली सामान पैदा करणारा, आणि वाढीचं हार्मोन म्हणजे मी, नाव एक, कामं छप्पन्न. आता आपल्या कंपनीत मॅनेजर दिवसभर कुलपं लावत सुटलाय, की बाकीच्यांनी दांडी मारलीये, की पेटीच मुळात छोटी आहे? पेटी छोटी निघूदे गं. छोट्या पेटीवर दौरे केलेत आम्ही.

आणि ऐक. परवापासून प्रयोगाआधी मी पोटभर जेवते. बाबांची क्षमा मागून पहिला घास घेतला. बाबा, नट सुस्तावला तर सुस्तावूदे.

तुमची,
आत्या (वारसाचा हट्ट सोडलेली)

---

२१ जून

प्रिय नणंदबाई,

साखर का पडते ते शोधायला डॉक्टरीणबाईंनी ठरवलेला दवाखान्यातला उपास पार पडला. आपल्या घरात पोरीला मुद्दाम उपाशी ठेवायची ही दुसरी वेळ, पण या वेळी डॉक्टर, सिस्टर, हातात आधीच लावून ठेवलेली सुई आणि उशाशी साखर तयार. साखर पडेल त्या क्षणीच रक्त घ्यायचं. त्या वेळी कुठलं हार्मोन कामावर आहे आणि कुठलं नाही, ते तेव्हाच पकडता येतं. साखर दिल्यावर सगळे शहाण्यासारखे वागायला लागतात म्हणे. तुझा मॅनेजर समोर आला की कंपनी वागते तसे.

रात्रीचं जेवण झालं आणि त्यानंतर फक्त पाणी. सकाळी शेजारच्या खाटांवर दूध-बिस्किटं आली. आमच्या बाईंनी दोन मिनिटं विचार केला, खाटेवरून उतरल्या, डुलत डुलत सिस्टरपाशी गेल्या आणि धाडकन पडल्या. पडून वर एक डोळा उघडून बिस्किटांकडे बघितलं. सिस्टर घाबरून पळत आल्या. मी म्हटलं, ‘‘सिस्टर, नाटक.’’ त्यांनी बोट टोचलं, साखर चांगली होती. भिंगरी म्हणाली, ‘‘पुन्हा करून दाखवू?’’

डॉक्टरीणबाईंना मी तुझं गुपित सांगितलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, लक्षात ठेवण्यासारखं आहे, पण टोचायचं ते टोचायचंच.

तुझा दादा लेकीबरोबर उपास धरून बसला होता. ‘तिला नाही तर मलाही नाही.’ मोठा बाप! अकराच्या सुमाराला वॉर्डात धप्पकन आवाज आला. आम्ही सगळ्या भिंगरीकडे धावलो, तर ती बसून चित्र काढतेय, आणि लंबा झालाय तो तुझा दादा! सिस्टरांनी त्याला बसवून बिस्किटं चारली. भिंगरीने खाटेवरून विचारलं, ‘‘बाबा, खरं की नाटक?’’ अख्खा वॉर्ड हसला.

आणि मग दुपारी ते झालं. ती स्केचपेनला टोपण लावत होती. लागेना. पुन्हा लावलं, पुन्हा हुकलं. जीभ बाहेर काढून, जपून. मग खाटेचा कठडा धरून उभी राहिली, अगदी ताठ उभं राहायचं म्हणून. कुणाकडे बघत नव्हती. मी म्हटलं, ‘‘सिस्टर, खरं.’’

टोचलं. चव्वेचाळीस. डॉक्टरीणबाई धावत आल्या, नळ्या भरायला लागल्या. माझ्या एका हातात तिचा हात, दुसऱ्या हातात ज्यूसचं खोकं, आणि द्यायचं नाही. नळ्या भरेपर्यंत द्यायचं नाही. नणंदबाई, आयुष्यात एवढं अवघड काम मी केलं नाही. ती मला ‘काकू’ म्हणाली. मी म्हटलं, ‘‘हो गं बाळा, काकू. घाबरू नको, मी आहे ना.’’

शेवटची नळी भरली, साखर सोडली, आणि ती परत आली. मी विचारलं, ‘‘सांग, मी कोण?’’ म्हणाली, ‘‘काकू.’’ मी तिच्यावर वाकले. डॉक्टरीणबाईही वाकल्या. तेवढ्यात बयेने हळूच आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. बघितलं गं! म्हणजे नाटक! मी तिला हसत हसत एक धपाटा घातला.

रक्त लांबच्या प्रयोगशाळेत गेलंय, रिपोर्टला दोन आठवडे लागतील. हे सगळं हसत लिहितेय खरी, पण जीव टांगणीला लागलाय. दुकानात काल एका गृहस्थांना त्यांच्या बायकोचा चष्मा घालून घरी पाठवलं. तेही म्हणाले, छान दिसतंय.

तुझी,
वहिनी

---

२७ जून

वहिनी,

रिपोर्ट आला का? पोस्टमन दिसला की मी जिन्यावरून अशी उतरते, की तो हल्ली पत्रं खालीच ठेवून पळतो.

तू लिहिलेलं ते टोपण माझ्या डोक्यातून जात नाही. जीभ बाहेर काढून, जपून. परवा प्रयोगात माझ्या पहारेकऱ्याला किल्ली कुलपात घालायची असते. एरवी मी किल्ली फेकते, कुलपाला मुका देते, लोक लोटपोट. परवा मी ती जपून घालायला गेले. हुकली. पुन्हा जपून. लोकांकडे बघितलं नाही. थिएटर चिडीचूप झालं. मॅनेजर विंगेतून हातवारे करतोय, पड, पड म्हणून. मी उभी राहायला बघत राहिले. आणि मग वहिनी, असा हशा उसळला, की मला तो पायांत जाणवला, आणि त्याच हशात पुढच्या रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसत होती. माझा पहारेकरी आता असाच चालणार. मला वारस हवा होता, मिळाली गुरू.

सोळा जुलैला आम्ही तुमच्याकडे! एकच प्रयोग, रात्रीच सामान भरून पुढे. पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या राखून ठेवल्यात. पोरीला जेवू घालून आण. पोटभर. हे मी लिहितेय, आणि मोठ्या अक्षरात लिहितेय: पोटभर.

नखं संपलेली,
नणंद

---

४ जुलै

नणंदबाई, नणंदबाई, नणंदबाई!

पेटी छोटी आहे! फक्त पेटी छोटी!

आज दुपारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मी कागद हातात घेतला आणि मला एक अक्षर दिसेना. स्वतःचाच चष्मा दुकानात विसरले होते. दादा वाचायला गेला, तर त्याने कागद उलटाच धरला. शेवटी त्यांनीच वाचून दाखवलं. साखर पडली तेव्हा इन्सुलिन गप्प बसलेलं होतं, बसायला हवं तसं. कॉर्टिसॉल हजर, वाढीचं हार्मोन हजर, तुझी सगळी कंपनी धावून आली होती. चरबी जाळून कीटोनसुद्धा, म्हणजे साखरेऐवजीचं जळण, भरपूर बनले होते. फक्त लहानखुऱ्या अंगात साठा थोडा, रात्र लांब, आणि नवी साखर बनवायला माल कमी. काही मुलांचं असतं असं. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत बहुतेक सुटतं. ऑपरेशन नाही, जन्मभराचं औषध नाही.

करायचं एवढंच: रात्रीचं जेवण चुकवायचं नाही, आणि झोपताना थंड दुधात कच्चं कॉर्नफ्लोअर ढवळून द्यायचं. ते हळूहळू साखर सोडतं, सकाळपर्यंत पुरतं. भिंगरीने आजच त्याचं ‘खडूचं दूध’ असं नाव ठेवलं आणि नाक दाबून प्यायली. ताप-सर्दी झाली, खाणं सुटलं, की डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. कपाट, पर्स, दादाच्या कोटाचा खिसा, सगळीकडे ज्यूसची खोकी. एक तिच्या स्वतःच्या गळ्यातल्या पिशवीत. ती येताजाता सगळ्यांना विचारते, ‘‘खरं की नाटक?’’ काल जांभई दिली म्हणून आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांना ज्यूस पाजलं.

दादाने दवाखान्याच्या पायरीवर मला उचलून फिरवलं. लोक बघत होते. माझ्या माहेरच्यांनी बघितलं असतं तर चक्कर येऊन पडले असते. पण मी शपथेवर सांगते, मीच त्याला म्हटलं, अजून एकदा.

सोळाला भेटू. पोटभर जेवून येतो.

तुझी,
वहिनी

---

१८ जुलै

प्रिय वहिनी,

ट्रकमध्ये बसून लिहितेय, अक्षर सांभाळून घे. त्या रात्री तुम्हाला धड भेटताही आलं नाही. सामान भरायची घाई, मॅनेजर बेभान, आणि थिएटरबाहेर लोक भिंगरीला बघायला गर्दी करून उभे. माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना! मी तिची आत्या आहे असं सांगून पुढे घुसायला बघितलं, तर एक जण म्हणाला, रांगेत या.

तुम्ही खालून बघितलं ते बघितलं. वर काय झालं ते मलाच माहीत, म्हणून लिहितेय.

मी किल्ली जपून लावत होते. हुकत होती. मला शप्पथ तुमच्या खुर्च्यांकडे बघायचं होतं, पण नाही बघितलं. तेवढ्यात पायऱ्यांवर टप टप आवाज. बघते तर ही माझ्यासमोर, गळ्यात पिशवी. दादा तिच्यामागे अर्ध्या पायरीवर वाकून उभा, पुढे यावं की मागे जावं त्याला कळेना. मला वाटलं आता म्हणेल, मीपण पडून दाखवू? तर तिने पिशवीतून ज्यूसचं खोकं काढलं, नळी आपल्या हाताने भोकात घातली. एकदाही हुकली नाही हं! आणि माझ्या तोंडाला लावली.

मी हळूच म्हटलं, ‘‘अगं, नाटक आहे हे.’’

ती म्हणाली, ‘‘नाही. तू आमच्याकडे बघत नव्हतीस.’’

वहिनी, आजवर लोकांनी शाली दिल्या, टाळ्या दिल्या. असलं बक्षीस कुणी दिलं नाही. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, ‘‘घाबरू नको आत्या. मी आहे ना. सगळं पी.’’

प्यायले. सगळं प्यायले. नळी ओढताना मिशी सुटली आणि ती म्हणाली, ‘‘आत्या, तुझी मिशी पडतेय,’’ ते मात्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. छप्पर उडेल एवढं हसलात. त्या हशातच तिने माझा चेहरा दोन हातांत धरला आणि डोळ्यांत बघत विचारलं, ‘‘आता सांग, मी कोण?’’

माझ्या पहारेकऱ्याला स्वतःचं घर आठवत नसतं, बायको आठवत नसते, नाटकच त्यावर आहे. हजार माणसं वाट बघतायत मी कुठला विनोद मारते म्हणून. मला एकही सुचला नाही. मी म्हटलं, ‘‘माझी भिंगरी.’’

‘‘मग झालीस बरी,’’ म्हणाली. रिकामं खोकं परत पिशवीत टाकलं, आणि जाता जाता बोट उगारून दम दिला, ‘‘आता पडायचं नाही हं.’’

दुसऱ्या अंकात मला अजून चारदा पडायचं होतं, वहिनी. मॅनेजर विंगेतून मुठी आपटत होता. आणि ती पहिल्या रांगेत, दादाच्या मांडीवर, माझ्यावर डोळे रोखून बसली होती.

एकदाही पडले नाही.

तुझी,
पुरती शुद्धीवर आलेली नणंद